अण्णांची नऊशे पुस्तकं आणि एक टेबल

डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे:

"ताई, माझे सासरे, अण्णा, हायस्कुलात भूगोल शिकवत. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची नऊशेच्या आसपास पुस्तकं माळ्यावर, पलंगाखाली आणि गॅलरीतल्या कपाटात आहेत. त्यात ब्रिटानिका ज्ञानकोशाचा बत्तीस खंडांचा संच आहे, दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत, नकाशांची पुस्तकं आहेत. आम्ही दोन खोल्यांत पाच माणसं राहतो. धाकट्या दिरांनी मोबाइलवर पुस्तकांचं टेबल, पुस्तकांचं स्टूल, पुस्तक पोखरून केलेला दिवा असं बरंच काही पाहिलंय आणि त्यांना गणपतीच्या आत सगळं करून टाकायचं आहे. सातवीतली माझी मुलगी त्यांच्या बाजूने. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, 'पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, आणि तुम्ही त्यावर बसणार?' ह्यांचं म्हणणं, सगळं रद्दीत घाला, वाद मिटेल. मी काय करू?"

सासूबाई जेवल्या नाहीत, तिथून सुरुवात करते. टेबलाची उंची आणि लाकडाची जाडी हे सगळं त्यानंतरचं.

स्टूल करू नका. दसऱ्याला जिथे पुस्तकं पाटावर मांडून त्यांना गंध-फूल वाहतात, वहीला पाय लागला की जिथे हात आपसूक कपाळाकडे जातो, त्या घरात पुस्तकांचं स्टूल म्हणजे एका माणसाच्या मनाला रोजची टोचणी. सासूबाईंचा दिवस त्याच खोलीत जाणार आहे. मला एवढं कारण पुरेसं वाटतं. दिरांना दुसरं कारण हवं असेल तर तेही आहे. पुस्तकावर स्थिर वजन ठेवलं तर ते सोसतं, पण बसलेला माणूस हलतो, कूस बदलतो. पुठ्ठे एकमेकांवर घसरतात, कणा उसवतो, वर्षभरात स्टूल डगमगायला लागतं. जाळवणार नाही आणि टाकवणारही नाही अशी वस्तू होऊन बसते.

पण पुस्तकाला कधी कात्री लावूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली आणि दुपारच्या निवांत वेळेत आमच्या बाइंडरकाकांशेजारी बसून बांधणी शिकले. जुन्या पुस्तकाचा कणा सोडवला की आतून चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राची पट्टी निघायची, कधी कुठल्याशा जुन्या पुस्तकाची फाटकी पानं निघायची. एका पुस्तकाच्या पाठीला दुसऱ्याचा कागद आधार देत होता. त्यात कोणाला अपमान वाटला नाही. तेव्हा प्रश्न कापावं की कापू नये हा नाही. कुठलं पुस्तक, आणि त्याला कुठे ठेवणार, हा आहे.

यात माझी एक चूक झाली होती, ती सांगते. माहेरच्या माळ्यावर शके १८७४चं, म्हणजे १९५२-५३ सालचं पंचांग सापडलं. सत्तर वर्षांपूर्वीच्या तिथी-नक्षत्रांचा आता काय उपयोग, असं समजून मी त्याची पानं कापून दिव्याला शेड केली. सुंदर झाली होती. संध्याकाळी दिवा लावला, आणि आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका पानावर उजेडात पेन्सिलची ओळ दिसली: "पहाटे ४-२०, मुलगी." पुढचे शब्द कात्रीत गेले होते. आजोबा पंचांगाच्या समासात घरातल्या गोष्टी टिपून ठेवत. पहिला पाऊस, गाय व्यायली तो दिवस, कोणाला किती पायल्या ज्वारी उसनी दिली ते. ती मुलगी म्हणजे माझी थोरली आत्या. तिच्या जन्माची दुसरी नोंद कुठेच नव्हती. तिचा जन्मदिवस घरात आधीही अंदाजानेच धरत होते, तो आता कायमचा अंदाजच राहिला. मी ती शेड उलगडून पानं पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. फेव्हिकॉलने चिकटवलेला कागद निघत नाही, फाटतो.

म्हणून माझी एकच अट आहे. नऊशेच्या नऊशे पुस्तकं आधी उघडायची. पहिलं पान, शेवटचं कोरं पान, समास, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, बसची तिकिटं, वाळलेलं पान, सगळं बघायचं. अण्णा शिक्षक होते, म्हणजे समासात लिहिलेलं असणारच. मग प्रत्येक पुस्तकाला विचारायचं: यात जे आहे ते दुसरीकडे मिळेल का? छापलेला मजकूर मिळत असेल, पण अण्णांचं अक्षर मिळणार नाही. ज्यावर त्यांच्या हाताची खूण आहे, ते पुस्तक टेबलात जाणार नाही. मग ते कितीही फाटकं असो.

हा प्रश्न विचारायला लागलात की एक गंमत लक्षात येईल. जे भारदस्त दिसतं, सोनेरी अक्षरांचं, कातडी पाठीचं, ते बहुतेक वेळा मुबलक असतं. जे रद्दीसारखं दिसतं, तेच दुर्मीळ. ब्रिटानिकाचे संच शहरातल्या कितीतरी घरांत धूळ खात आहेत, ग्रंथालयंही ते घेताना हात आखडतात, आणि छापील आवृत्ती बंद करत असल्याचं कंपनीने २०१२ सालीच जाहीर केलं. उलट तुमचे दिवाळी अंकांचे गठ्ठे! 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजवर किती निघाले असतील, आणि त्यातले किती लोकांनी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिले असतील. बंद पडलेल्या अंकांचे सलग संच मोठ्या ग्रंथालयांकडेही नसतात. तीच गोष्ट कुलवृत्तांतांची, शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिकांची, गावच्या वाचनालयाच्या अहवालांची. दोन-तीनशे प्रती निघालेल्या असतात, आणि एकेक करत संपतात. त्यांना हात लावू नका.

अण्णांच्या नकाशांच्या पुस्तकांत १ मे १९६० च्या आधीचं एखादं असेल तर नीट बघा. त्यात महाराष्ट्र नसेल, द्विभाषिक मुंबई राज्य असेल, गुजरात त्यातच असेल आणि गोव्यावर पोर्तुगीजांचा रंग असेल. असं पान भिंतीवर लावायचा मोह होईल. पान फाडू नका. त्याचा चांगला फोटो किंवा स्कॅन काढून छापून घ्या आणि तो लावा. छापलेला नकाशाही फ्रेमवाल्याला सांगून काचेला चिकटणार नाही असा बसवा. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद काचेला धरला तर तो तिथेच कायमचा राहतो. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, दोन उन्हाळ्यांत रंग उडतील.

मग कापायला काय उरलं? भरपूर उरतं. अभ्यासक्रम बदललेली गाइडं, स्पर्धा परीक्षांचे जुने संच, संगणकाची पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पुस्तकं, कंपन्यांच्या डायऱ्या, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, एकाच कादंबरीच्या तीन-तीन प्रती. मराठी विश्वकोशाचे खंड असले तर मात्र ते यात धरू नका. सगळा मजकूर आता संकेतस्थळावर वाचता येतो हे खरं आहे, त्यामुळे माझ्याच नियमाने ते कापायला हरकत नाही. पण १९७६ साली वाईहून पहिला खंड निघाला, तेव्हापासूनचं ते काम मराठीत आहे आणि तुमच्या घरात सातवीतली मुलगी आहे. जमिनीवर पालथं पडून ती खंड चाळेल. पडद्यावर कोणी असं चाळत नाही.

आता दिरांचं टेबल. ते करूया, पण त्यांनी पाहिलंय तसं नाही. हॉलच्या मधोमध पुस्तकांचा भरीव ठोकळा करायचा आणि वर काच, असं ते असणार. साठ सेंटिमीटर लांब, तितकंच रुंद आणि चाळीस उंच असा कागदाचा ठोकळा शंभर किलोच्या आसपास जातो. खरं वाटत नसेल तर झेरॉक्सवाल्याकडचं पाचशे पानांचं एक रीम उचलून बघा. तेवढंसं, पण सव्वादोन-अडीच किलो भरतं. असा ठोकळा केर काढताना हलणार नाही, खाली ओल धरली तर कळणार नाही, आणि खोलीच्या मध्ये म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्याला लागणारच. सासूबाईंचं म्हणणं पुन्हा तिथेच येतं.

त्याऐवजी भिंतीलगत उंच, अरुंद टेबल करा, आणि ते ब्रिटानिकाच्या बत्तीस खंडांचंच करा. एकही खंड न कापता. सोळा-सोळा खंड आडवे, एकावर एक ठेवून दोन खांब होतात. एका खंडाची जाडी साधारण चार सेंटिमीटर धरली तर खांब चौसष्ट सेंटिमीटरचा होतो. खाली सुताराकडून दहा सेंटिमीटर उंचीची लाकडी चौकट करून घ्या, म्हणजे फरशी पुसताना पाणी पुस्तकांना लागणार नाही. वर अठरा मिलिमीटरची, साधारण एकशे दहा सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद फळी. सगळं मिळून शहात्तर सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी उंची. तुमच्या खंडांची जाडी आधी मोजा, त्याप्रमाणे चौकट कमी-जास्त करता येईल. कणे समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे सोनेरी अक्षरांची उतरंड दिसेल. तिथवर चालताना कोणाचा पाय जात नाही.

असा बत्तीस खंडांचा संच सुमारे अठ्ठावन्न किलो भरतो, म्हणजे एका खांबात एकोणतीस किलो. रचून ठेवलेला खांब मुलांनी ओढला तर कोसळू शकतो, त्यामुळे दोन गोष्टी सोडू नका. प्रत्येक खांब पलंगाच्या नवारीच्या पट्टीने दोन ठिकाणी घट्ट बांधायचा, आणि वरची फळी भिंतीला एल-पट्टीने दोन ठिकाणी स्क्रूने बसवायची. पाठीमागे भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, हवा खेळायला हवी. फेव्हिकॉल नाही, खिळा नाही, पुस्तकाला भोक नाही. कधी मुलीला एखादा खंड हवा झाला तर नवार सोडून काढता येईल. टेबलावर सासूबाईंचा चष्मा, औषधं, रेडिओ ठेवा. पाण्याचा तांब्या ठेवायचा तर थाळीत. देवापुढची समई किंवा पणती तिथे नको.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कल करणारे लेखनिक एक विनवणी लिहीत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. पुढे मूर्खाच्या हाती देऊ नको असंही आहे. वरच्या सूचना मी नव्याने काही शोधलेल्या नाहीत. तेल म्हणजे पणती, पाणी म्हणजे पोछा, बांधणी म्हणजे नवार.

व्हिडिओंत पुस्तकांवर वार्निश मारतात किंवा रेझिन ओततात, ते अजिबात करू नका. दिसायला चकचकीत होतं, पण कागदातली ओल आत कोंडते, आणि एकदा ओतल्यावर पुस्तक पुन्हा पुस्तक होत नाही. मला ते पाहवत नाही.

दिव्यासाठी पुस्तक पोखरण्याऐवजी मुलीला आकाशकंदील करू द्या. बाजूला काढलेल्या गाइडांचा कणा बाइंडरकडून कटिंग मशीनवर उडवून आणा, घरी कटरने ओढाताण करू नका, बोटं कापतात. मग कागदाची परीक्षा घ्या. पानाचा कोपरा मागे-पुढे दोनदा दुमडायचा. तुटून हातात आला तर तो कागद कामाचा नाही. असं का होतं तेही तिला सांगा, तिला आवडेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा व्हायला लागला आणि शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालायला लागले. त्यातून कागदात आम्ल राहतं, ते हळूहळू कागद खातं, आणि लाकडातला उरलेला अंश उन्हा-हवेने पिवळा पडतो. म्हणून दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातल्या हातकागदावरची दोनशे वर्षांपूर्वीची पोथी अजून मऊ असते आणि १९४५ सालची कादंबरी हातात मोडते. कंदिलात पाच वॉटचा एलईडी दिवा लावा. तापणारा साधा बल्ब नको, आणि वायरिंग जाणत्या माणसाकडून करून घ्या.

चिकटवायला खळ करा. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर सारखा ढवळत शिजवायचा, पारदर्शक झाला की उतरवायचा. ही खळ पुढे कधी ओल्या फडक्याने सोडवता येते, हाच तिचा मोठेपणा. बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात मुलगी काम करणार असेल तर घालू नका. थोडी थोडी ताजी करा.

भिंतीवर फळीसारखं एखादं पुस्तक बसवायचं असेल तर टाकाऊ पुस्तकाच्या मागच्या पानांत एल-पट्टी बसवून ते करता येतं. त्यावर तीन-चार किलोपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत टाळा. त्यात मला फार रस नाही, पण दिरांना काहीतरी ठोकायला मिळेल.

आपलं घर सजवायला पुस्तकं कापावी लागत नाहीत याची बाहेरची दोन उदाहरणं दिरांना दाखवा. प्रागच्या नगर वाचनालयात मातेय क्रेन या कलावंताने सुमारे आठ हजार पुस्तकं रचून उभा मनोरा केला आहे, आत वाकून पाहिलं की आरशांमुळे तो अथांग वाटतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या ग्रंथालयाने वाहनतळाच्या भिंतीवर बावीस पुस्तकांचे प्रचंड कणे उभे केले आहेत, आणि त्यात खरं पुस्तक एकही नाही. अण्णांच्या आवडत्या वीस-पंचवीस पुस्तकांच्या कण्यांचा एक सलग फोटो काढून तो पलंगामागच्या भिंतीवर मोठा छापून लावला, तर पुस्तकं पेटीत गेली तरी ती दिसत राहतील.

कीड लागली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. गॅलरीतलं कपाट म्हणजे मला काळजीच वाटते. मातीच्या बोगद्यासारख्या रेघा दिसल्या तर वाळवी आहे. ती पुस्तकात नसते, भिंतीतून येते, तेव्हा भिंतीचा उपाय करा. चंदेरी, शेपूट हलवत पळणारी ती कसर, ती खळ आणि कागद खाते. चार-पाच पुस्तकांपुरती कीड असेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव धरेल. कडक उन्हात पुस्तकं वाळत घालण्याची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. सावलीत, पंख्याखाली, पानं थोडी उघडून ठेवा. ज्या पुस्तकांना कीड आहे त्यांच्याजवळ चांगली पुस्तकं ठेवू नका, आणि त्यांची कुठलीही वस्तू करू नका. घरभर पसरेल.

तुमच्या यजमानांचं रद्दीचं म्हणणं मी पुरतं नाकारत नाही. नऊशेतली दीड-दोनशे पुस्तकं रद्दीतच जावीत, भिजलेली, वाळवी लागलेली, काहीच न उरलेली. पण वाचण्याजोगी जी उरतील त्यांची यादी करा: नाव, लेखक, साल. ही यादी आधी जवळच्या वाचनालयाकडे पाठवा, गाडी भरून नेऊ नका. ग्रंथपालाला नको असलेली पुस्तकं घेताना नाही म्हणणं जड जातं आणि मग तीच त्यांच्या गच्चीवर कुजतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवाळी अंकांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला विचारा, १८९३ पासूनची संस्था आहे, तुम्हाला जवळही पडेल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांमध्ये फिरवते, तिथेही विचारून बघा. विक्रीची पुस्तकं माटुंग्याच्या किंवा फोर्टच्या फुटपाथवरचे जुने विक्रेते बघतात, पण त्यातून मोठे पैसे येतील असं मनात धरू नका.

आणि गणपतीच्या आत काहीही उरकायचं नाही. आत्ता आषाढ आहे, हवेत इतकी ओल आहे की खळ वाळणार नाही, लाकडाची चौकट फुगेल आणि बांधलेले खांब आतून बुरशी धरतील. सुताराला नवरात्रानंतर बोलवा. तोपर्यंतचं काम फक्त उघडून बघण्याचं. रोज दहा-बारा पुस्तकं झाली तरी अडीच-तीन महिन्यांत सगळी होतील. दुपारी चहा झाला की खिडकीशी बसून करा, आणि सासूबाईंना जवळ बसवा. तुम्ही पान उलटायचं, त्यांनी वाचायचं. अण्णांचं घाईतलं अक्षर तुमच्यापेक्षा त्यांना लवकर लागेल.